सर्पिनची उत्क्रांती लॅपटॉपवर कशी वाचायची

प्रथिनांची उत्क्रांती वाचायला शिकताना एन्झाइमला रोखणाऱ्या प्रथिनांत सर्पिन हे कुटुंब सुरुवातीला घ्यावं, कारण त्यांचं काम बिघडलं की सीक्वेन्समध्ये, म्हणजे अमिनो आम्लांच्या क्रमात, ते दिसतं. सर्पिनच्या बाहेर सुमारे वीस अमिनो आम्लांचा लवचीक फास असतो. एन्झाइम तो तोडतं, तुटलेला फास प्रथिनाच्या बीटा-पत्रात (साखळीच्या शेजारी-शेजारी पट्ट्यांनी बनलेल्या सपाट भागात) शिरतो आणि चिकटलेलं एन्झाइम सुमारे ७० अँगस्ट्रॉम (७ नॅनोमीटर) ओढलं जाऊन दुसऱ्या टोकाला निकामी होतं.

युनिप्रॉट या प्रथिनांच्या ऑनलाइन संग्रहावरून तीन सीक्वेन्स फास्टा या साध्या मजकूर स्वरूपात घ्या: पी०१००९ (माणसाचं अल्फा-१ अँटीट्रिप्सिन), पी०१००८ (माणसाचं अँटीथ्रॉम्बिन), पी०१०१२ (कोंबडीच्या अंड्यातलं ओव्हाल्ब्युमिन). फाइली जेमतेम काही केबीच्या. गावात रेंज नसेल तर तालुक्याला गेल्यावर उतरवून घ्या. सीक्वेन्स जुळवून वंशवृक्ष काढणारं मेगा हे सॉफ्टवेअर नंतर नेटशिवाय चालतं.

आता सिग्नल पेप्टाइड काढा, म्हणजे प्रथिनाला पेशीबाहेर पाठवणारा आणि नंतर कापला जाणारा सुरुवातीचा तुकडा. पहिल्यात २४, दुसऱ्यात ३२ अमिनो आम्लं. ओव्हाल्ब्युमिनमध्ये मात्र काही कापू नका, त्याचा सिग्नल आतच राहतो. इथेच क्रमांकांचा घोळ होतो. सिकलसेल आजारातला हिमोग्लोबिनचा बदल कुणी सहाव्या जागी लिहितं, कुणी सातव्या. पहिलं मेथिओनिन मोजलं की नाही, एवढाच फरक. तसंच अँटीट्रिप्सिनचं ३५८वं मेथिओनिन युनिप्रॉटवर ३८२वं दिसतं, कारण तिथे सिग्नलची २४ही मोजली जातात. कोणती मोजणी वापरली ते वहीत आधी लिहा.

मेगात मसल ही जुळवणीची पद्धत निवडून तिन्ही सीक्वेन्स जुळवा. मग फासाची बिजागरी, म्हणजे तो जिथून आत वळतो तो भाग, शोधा (एक अक्षर म्हणजे एक अमिनो आम्ल): अँटीट्रिप्सिनमध्ये ई-के-जी-टी, अँटीथ्रॉम्बिनमध्ये ई-ई-जी-एस, ओव्हाल्ब्युमिनमध्ये ई-ए-जी-आर. जी-नंतरची जागा म्हणजे पी-१४, तुटण्याच्या जागेपासून मागे मोजलेली चौदावी. तिथे थ्रिओनिन किंवा सेरिन असलं तर फास आत शिरू शकतो. ओव्हाल्ब्युमिनमध्ये तिथे मोठं, भारित आर्जिनिन आहे. घडण सर्पिनची, पण रोखण्याचं काम गेलं. बिजागरी नीट असणं हा भक्कम संकेत आहे, पण पुरावा नव्हे. तो प्रयोगानेच मिळतो.

बिजागरी पाहिल्यावरच तुटण्याची जागा, म्हणजे पी-१, पाहा. कोणतं एन्झाइम फासात अडकणार हे बऱ्याच अंशी ती ठरवते. अँटीट्रिप्सिनमध्ये तिथे मेथिओनिन आहे, म्हणून ते इलास्टेज या ऊती तोडणाऱ्या एन्झाइमला रोखतं. अँटीट्रिप्सिनच्या पिट्सबर्ग या बदललेल्या प्रकारात त्या जागी आर्जिनिन आलं आणि तेच प्रथिन रक्त गोठवणाऱ्या थ्रॉम्बिन एन्झाइमला रोखू लागलं; रुग्णाचा रक्तस्रावाने मृत्यू झाला. एका अक्षराची ही किंमत आहे, म्हणून ही जागा दोनदा तपासा.

यानंतर मासे, बेडूक, पक्षी यांचे सर्पिन सीक्वेन्स जोडा. लॅम्प्रे हा जबडा नसलेला, माशासारखा प्राणी जरूर घ्या: माणसात अँजिओटेन्सिनोजेन हे सर्पिन एन्झाइम रोखत नाही, लॅम्प्रेचं मात्र थ्रॉम्बिनला रोखतं. उंदराबाबत जपा. माणसात अँटीट्रिप्सिनचं एक जनुक, उंदरात त्याच्या अनेक प्रती आणि त्यांचे पी-१ वेगवेगळे. एकच प्रत उचलली तर निष्कर्ष चुकतो, सगळ्या घ्या. वंशवृक्ष काढताना फासाचा भाग वगळा, कारण तो फार झपाट्याने बदलतो आणि फांद्या चुकीच्या जागी जोडल्या जातात.