चाळीस मीटरसाठी घरीच ५ वॅटचा आरएफ ॲम्प्लिफायर, आणि बायसची कटकट

हे हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओचं लायसन असलेल्यांसाठी, नसेल तर आधी ते काढा. चाळीस मीटर म्हणजे ७ मेगाहर्ट्झचा बँड, आरएफ म्हणजे रेडिओ फ्रीक्वेन्सी. पार्ट साधेच, आयआरएफ५१० मॉसफेट (गेट, ड्रेन, सोर्स अशा तीन पायांचा ट्रान्झिस्टर), १२ व्होल्ट सप्लाय, एफटी५०-४३ टोरॉइडवर (फेराइटच्या रिंगवर) एकास चार इम्पिडन्सचा ट्रान्सफॉर्मर.

ब्रेडबोर्डवर जमतं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, ७ मेगाहर्ट्झला ॲम्प्लिफायर नुसता ऑसिलेट होतो, म्हणजे स्वतःच सिग्नल काढत बसतो. कॉपर क्लॅड (तांब्याचा थर असलेला बोर्ड) घ्या, सोर्सचा पाय आखूड ठेवून थेट तांब्याला सोल्डर करा. टॅब म्हणजेच ड्रेन, हीटसिंकला लावताना मध्ये मायका (अभ्रकाचा इन्सुलेटर). डमी लोडला (चाचणीपुरता अँटेनाऐवजी लावायचा रेझिस्टर) १ किलोओहमचे १ वॅटचे २० कार्बन रेझिस्टर पॅरलल, झाले ५० ओहम. वायरवाउंड नको, ती कॉइलच असते.

आता बायस, म्हणजे सिग्नल नसतानाही मॉसफेट थोडा चालू ठेवणारं गेटचं व्होल्टेज. माझंही घोडं इथंच अडायचं. नेटवर कुणीतरी सांगतं 'गेटला ४ व्होल्ट द्या', अरे पण याचा थ्रेशोल्ड (ज्या गेट व्होल्टेजला तो चालू व्हायला लागतो) २ ते ४ मध्ये कुठंही असू शकतो, प्रत्येक पीसचा वेगळा, मग तुमचा आकडा माझ्या कामाचा कसा? व्होल्टेज बघूच नका, करंट बघा. ७८एल०५ (५ व्होल्टचा रेग्युलेटर) वरून मल्टिटर्न प्रीसेट (फिरवून बदलायचा रेझिस्टर), गेटपासून ग्राउंडला १० किलोओहम, म्हणजे प्रीसेटचा वायपर (मधला सरकता पाय) सुटला तरी गेट लटकत नाही. ड्राइव्ह (इनपुट सिग्नल) बंद, डमी लोड लावलेला, प्रीसेट पूर्ण शून्यावर, ड्रेनच्या सप्लायला ॲमीटर आणि १ अँपिअरचा फ्यूज, मगच पॉवर द्या. फिरवत राहा, बराच वेळ काटा हलतच नाही, माणूस वैतागून भराभरा फिरवतो आणि तेवढ्यात करंट एकदम उसळतो न् मॉसफेट जातो. म्हणून हळू. ५० मिलिअँपिअरला थांबा आणि दहा मिनिटं बघत बसा.

कारण मॉसफेट गरम झाला की थ्रेशोल्ड उतरतो, करंट चढतो, त्यानं अजून गरम. सोलापूरच्या मे महिन्यात खोलीच तापलेली असते, डिसेंबरच्या पहाटे सेट केलेला बायस तेव्हा चालत नाही ओ. मी दुपारीच सेट करतो, हीटसिंकही मोठाच टाकतो. आणि नुसता हात जवळ नेल्यावर करंट नाचत असेल तर प्रीसेटला दोष देऊ नका, ते ऑसिलेशन आहे, गेटला सिरीजमध्ये १० ओहम टाका, इनपुट-आउटपुट लांब करा.

पुढं सोपं आहे, अर्धा वॅट ड्राइव्ह द्या, डमी लोडवर डायोड डिटेक्टरला २२ व्होल्टच्या आसपास आले की ५ वॅट झाले. अँटेनाला जोडण्याआधी लो पास फिल्टर (७ मेगाहर्ट्झच्या वरचं अडवणारा) लावायचाच, नाहीतर १४ आणि २१ मेगाहर्ट्झवर कचरा जातो.

शेजारी यंत्रमाग चालू असतील आणि त्यांच्या खरखरीत समोरचा ऐकू येत नसेल तर त्यावर हा इलाज नाही, ते रिसिव्हर आणि अँटेनाचं काम.