नव्या समुपदेशकांसाठी: चिंता, आयुष्यातले बदल आणि धीर देण्याची रीत

सायकॉलॉजीत एम.ए. करून पुण्यात कुणाच्या तरी हाताखाली काम सुरू केलं की पहिली अडचण थिअरीची येत नाही. समोरचा माणूस कासावीस होऊन विचारतो, "होईल ना हो सगळं नीट?" आणि आपल्या तोंडून आपसूक निघतं, "होईल, काळजी करू नका." त्याला बरं वाटतं, आपल्यालाही. पुढच्या आठवड्यात तो तोच प्रश्न घेऊन येतो. मधे दोनदा व्हॉट्सअ‍ॅपवर विचारूनही झालेलं असतं. दिलाशाने चिंता लगेच उतरते, म्हणूनच पुढच्या वेळी मन पुन्हा दिलासाच मागतं. तेव्हा आधार द्यायचा, पण हमी द्यायची नाही.

पहिल्या भेटीला तासभर तरी ठेवा, नंतरच्या भेटींना 45 ते 50 मिनिटं पुरतात. लोक "मला अँग्झायटी आहे" असं क्वचितच म्हणतात. छातीत धडधडतं, डोकं भणभणतं, जीव घाबरा होतो, रात्री तीनला जाग येते, असं सांगतात. ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासलंय का, दिवसाला चहा किती, हेही विचारा. अमृततुल्यवरचे सहा-सात कप आणि चार तासांची झोप असेल, तर अर्धी धडधड तिथेच सापडू शकते.

जीएडी-7 ही चिंता किती आहे ते मोजणारी प्रश्नावली भरून घ्यायला पाच मिनिटं लागतात. मागच्या दोन आठवड्यांबद्दल सात प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 3 गुण. 5 पासून सौम्य, 10 पासून मध्यम, 15 पासून तीव्र. हा आकडा म्हणजे निदान नव्हे, पण 10 किंवा त्याहून जास्त आला तर नीट खोलात जायला हवं. सोबत पीएचक्यू-9 ही नैराश्याची प्रश्नावली देत असाल तर नववा प्रश्न माणूस समोर असतानाच वाचा. तो मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. तिथे शून्य नसेल तर त्या दिवशीचं बाकी सगळं बाजूला. स्पष्ट विचारा, घरी कोण आहे ते पाहा, सुपरवायझरला लगेच कळवा, मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो, तो लिहून हातात द्या.

पुण्यात येणाऱ्यांच्या चिंतेमागे पुष्कळदा एखादा मोठा बदल असतो. हिंजवडीतली नोकरी गेलेली असते, मुलं परदेशी गेल्यावर कोथरूडच्या फ्लॅटमध्ये दोघंच उरलेली असतात, किंवा चार वर्षं सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत काढून एमपीएससी सोडायची वेळ आलेली असते. नवखा समुपदेशक इथे घाई करतो आणि लगेच "मग पुढे काय ठरवलंय?" विचारतो. हा प्रश्न घरचे रोज विचारतच असतात. आधी सुटलं काय ते बोलू द्या: रूम, मेस, चहाची टोळी, गावात आधीच लागलेलं "साहेब" हे बिरुद. मग आयुष्यातल्या बदलांवर काम केलेल्या अमेरिकन समुपदेशन-तज्ज्ञ नॅन्सी श्लॉसबर्ग यांची चौकट वापरा: परिस्थिती काय, माणूस स्वतः कसा आहे, आधाराला कोण, आणि आजवर अडचणीत तो काय करत आला. चारांपैकी कुठला खांब कच्चा आहे ते कळलं की कामाची दिशा ठरते.

हमी न देता बोलणं साधारण असं जातं:

"मॅडम, खरं सांगा, माझं होईल ना?"

"हे विचारताना आत्ता अंगात काय होतंय?"

"पोटात गोळा आलाय."

"मी हो म्हटलं तर तो किती वेळ जाईल?"

"...रूमवर पोचेपर्यंत."

इथून खरं काम सुरू होतं. पण हे दुसऱ्या-तिसऱ्या भेटीआधी नको. ओळख व्हायच्या आत विचारलंत तर उलटतपासणी वाटते.

श्वासाचा व्यायाम सगळेच शिकवतात आणि बरेच जण चुकीच्या वेळी शिकवतात. चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, पाच मिनिटं, दिवसातून दोनदा, मन शांत असताना. ऐन घबराटीत "दीर्घ श्वास घ्या" म्हटलं की माणूस भराभर मोठे श्वास ओढतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, हाताला मुंग्या येतात, गरगरतं, आणि तो ठरवतो की हे आपल्याला चालत नाही.

टाळाटाळीवर उपाय पायऱ्यांचा. समजा मेट्रोत एकदा जीव घाबरल्यापासून कुणी मेट्रोत चढतच नाही. वनाजहून आनंदनगर, एकच स्टेशन, सोबत कुणीतरी. मग तेच एकट्याने. मग नळ स्टॉप. शेवटी संध्याकाळच्या गर्दीत सिव्हिल कोर्ट. प्रत्येक पायरीची भीती 0 ते 100 मध्ये त्यालाच मोजू द्या, सुरुवात 30-40 च्या पायरीपासून. आठवड्यातून तीन-चारदा जायला हवं, एकदाच गेल्याने काही होत नाही. फसतं कुठे? भीती टिपेला असताना उतरून घरी परतलं की "सुटलो" हाच धडा पक्का होतो. उतरावंच लागलं तर पुढची गाडी पकडायची, हे आधीच ठरवा. दारापाशीच उभं राहणं, हातात पाण्याची बाटली, सतत बायकोला फोन, अशा कुबड्याही एकेक करून सोडायच्या. श्वासाचा व्यायामसुद्धा कुबडी होऊ शकतो.

घरच्यांचा फोन येणारच: "आम्ही विचारलं हे त्याला सांगू नका." तिथेच सांगा की तुमचं ऐकून घेईन, पण फोन आल्याचं त्याच्यापासून लपवणार नाही, आणि त्याचं बोलणं त्याच्या परवानगीशिवाय तुम्हाला सांगणार नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 मध्ये गोपनीयतेचा हक्क आहे; जिवाला धोका असेल तेव्हाचे अपवाद पहिल्याच भेटीत सांगून ठेवा. स्वतःबद्दलही स्वच्छ राहा. भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी नसेल तर पाटीवर "क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट" लिहायचं नाही, डॉक्टर म्हणून हाक आली तर तिथल्या तिथे दुरुस्त करायची.

बाराएक भेटींनंतर अंतर वाढवा, आधी पंधरा दिवस, मग महिना. शेवट जाहीर केला की त्याच आठवड्यात नवी भीती हमखास उगवते. लगेच भेटी वाढवू नका. एक कागद त्याच्याच हाताने लिहून घ्या: कशाने चिंता वाढते, कुठली पायरी पुन्हा करायची, आणि किती दिवस झोप उडाली तर फोन करायचा.