सौर आणि पवन विजेचा वाटा वाढताना ग्रिड स्थिर कसे राखावे
सर्वप्रथम ग्रिडमधील (वीजजाळ्यातील) जडत्व, म्हणजे वारंवारतेतील अचानक बदलाला होणारा विरोध, मोजावे. औष्णिक आणि जलविद्युत केंद्रांतील अवजड, फिरती जनित्रे एखादा मोठा संच अचानक बंद पडल्यास ५० किंवा ६० हर्ट्झची वारंवारता काही सेकंद सावरून धरतात. सौर पॅनेल इन्व्हर्टरमार्फत (डीसी विजेचे एसीत रूपांतर करणाऱ्या उपकरणामार्फत) जोडलेली असल्याने त्यांच्याकडून हा आधार आपोआप मिळत नाही. म्हणून जुनी केंद्रे बंद करण्यापूर्वीच, नंतर नव्हे, सिंक्रोनस कंडेन्सर (वीज न बनवता ग्रिडसोबत फिरत राहून जडत्व देणारी यंत्रे) आणि स्वतः व्होल्टेज उभारू शकणारे ग्रिड-फॉर्मिंग इन्व्हर्टर बसवावेत, असे माझे ठाम मत आहे. बॅटऱ्या सेकंदाच्या अंशात प्रतिसाद देतात, मात्र त्यासाठी त्यांची काही क्षमता राखीव ठेवावी. संध्याकाळच्या तासांसाठी उदंचन जलविद्युत (जास्तीच्या विजेने पाणी वर चढवून नंतर त्यापासून वीज बनवणे) उपयोगी पडते. बिघाडाचा मोठा प्रवाह ओळखून तो भाग तोडायला लावणारे संरक्षक रिलेही नव्याने तपासावेत, कारण बिघाडाच्या वेळी इन्व्हर्टर मर्यादितच प्रवाह देतात.