आजोबांची पट्टी: एनिग्माचा निरोप कागदावर कसा पकडायचा

भुसावळला रेल्वेच्या तारेवर माझी उमर गेली. सावद्याहून केळीच्या वॅगनी सुटल्या की रोज ठरल्या शब्दांनी तार यायची. पहिले दोन शब्द कानावर पडले की पुढचं हात आपोआप लिहायचा. दुसऱ्या महायुद्धात जर्मन आपले निरोप एनिग्मा नावाच्या यंत्रानं गुप्त करायचे. इंग्रज गणितज्ञ ॲलन ट्युरिंगनं त्यांना पकडलं ते असल्याच सवयीवर. त्यांच्या हवामानाच्या निरोपांत तेच ते शब्द यायचे. नातीला मी हे सुट्टीत शिकवलं, तुम्हीही शिकवा.

चौकटीची वही, पेन्सिल आणि पट्टीसाठी जाड लग्नपत्रिका घ्या. आमच्याकडे मे महिन्यात पत्रिकांना तोटा नसतो.

काना-मात्रा आणि स्वर सोडा, नुसती व्यंजनं ठेवा. ‘आज केळी भाव’ हे शब्द निरोपात कुठंतरी असणारच असं धरू. त्याचे उरतात ज क ळ भ व. ही पाच अक्षरं पट्टीवर लिहा, वहीच्या चौकटीएवढ्याच अंतरानं. वहीत गुप्त ओळ लिहा:

त म ज ळ व स प भ र

आता एनिग्माची खोड लक्षात घ्या. कळ दाबली की वीज तीन चाकांतून जायची, टोकाच्या चकतीवरून वळायची आणि दुसऱ्या वाटेनं परत यायची. गेली त्या वाटेनं परतणं नाही, म्हणून कुठलंही अक्षर स्वतःच स्वतःचं गुप्त रूप होऊ शकत नव्हतं.

पट्टी पहिल्या घरापासून ओळीखाली लावा. चार अक्षरं निभावतात, पाचव्याला वर व, खाली व. जागा बाद. एक घर सरकवा: ळ खाली ळ, बाद. तिसऱ्या घरापासून लावली तर सुरुवातीलाच ज वर ज. चौथ्यापासून मात्र ळ-ज, व-क, स-ळ, प-भ, भ-व, कुठंच टक्कर नाही. पाचव्यापासून भ वर भ. म्हणजे शब्द असलेच तर चौथ्या घरापासून.

निरोप अजून फुटला नाही, हे पोरांना स्पष्ट सांगा. आता जोड्या जोडायच्या: ज ला ळ, ळ ला स, इकडे क ला व, व ला भ, भ ला प. अशा साखळ्या, त्यातही फिरून स्वतःला मिळणाऱ्या, ट्युरिंगच्या ‘बॉम्ब’ यंत्राला लागायच्या. चाकांची एक मांडणी धरायची, विसंगती निघाली की ती टाकायची, पुढची घ्यायची. पहिलं यंत्र मार्च १९४० मध्ये ब्लेचली पार्कला, म्हणजे इंग्रजांच्या गुप्त निरोप फोडायच्या ठाण्यावर, आलं. तिथल्याच गॉर्डन वेल्शमनच्या सुधारणेनं त्याचा वेग फार वाढला. आणि पोलंडच्या गणितज्ञांना विसरू नका. त्यांनी १९३२ मध्येच एनिग्मा फोडलं होतं आणि जुलै १९३९ मध्ये सगळं इंग्रजांच्या हाती दिलं.

स्वतः ओळ बनवताना एकच पथ्य पाळा, मूळ अक्षराच्या जागी तेच अक्षर नको. नातीनं घाईत व च्या जागी व च लिहिला. खरी जागाच आम्ही खोडून बसलो, आणि भरीत गार झालं. आतून हाक आली, “काय करून राहिले तुम्ही दोघं?”

जेवताना नातीनं विचारलं, मग ट्युरिंगला मोठं बक्षीस मिळालं असेल? मी खरं ते सांगितलं. कॉम्प्युटरची मूळ कल्पना ज्यानं १९३६ मध्ये कागदावर मांडली, त्याला १९५२ मध्ये समलैंगिक म्हणून तिथल्या कोर्टानं दोषी ठरवलं. दोन वर्षांनी, एक्केचाळिसाव्या वर्षी तो गेला. माफी २०१३ मध्ये आली, पन्नास पौंडांच्या नोटेवर फोटो २०२१ मध्ये. ती भाकरीचा तुकडा हातात धरून गप्प बसली.

दुसऱ्या दिवशी पट्टी लांब करा. अक्षरं जास्त तितक्या टकरा जास्त, चुकीच्या जागा लवकर गळतात. आम्ही ‘भुसावळ जंक्शन’ घेतलं: भ स व ळ ज क श न.