बंदूक निवडण्याआधी गोळीचा विचार करा
घरच्या संरक्षणासाठी परवान्याचं शस्त्र घेताना सगळं लक्ष बंदुकीवर जातं. खरा प्रश्न गोळी कुठे जाऊन थांबेल हा असतो. पूर्ण धातूच्या आवरणाची गोळी माणसातून आरपार जाऊन मागची भिंतही भेदू शकते, आणि त्या भिंतीपलीकडे आपलीच मुलं झोपलेली असतात. पोकळ टोकाची गोळी शरीरात शिरल्यावर फुलते, वेग लवकर गमावते. नेम चुकला तर मात्र तीही पातळ भिंतीतून जातेच. कायदा परवानगी देत असेल तर तीच घ्या, पण आधी शूटिंग रेंजवर शंभरेक झाडून पाहा, कारण काही पिस्तुलं अशा गोळ्यांवर अडकतात. शॉटगन (छऱ्यांची बंदूक) घेत असाल आणि १२ बोअरचा धक्का सोसवत नसेल तर तिच्याहून लहान नळीची २० बोअर घ्या, त्यात कमीपणा कसला? शस्त्र कायम कुलूपबंद पेटीत.