मूल बोलत नाही? आधी एक वही करा

भाचा सव्वादोन वर्षांचा झाला तरी मोजकंच बोलतो म्हटल्यावर आमच्या घरात दोन पक्ष पडले. एक म्हणे, "याचा बापसुद्धा तीन वर्षांपर्यंत गप्पच होता, बोलेल की!" दुसऱ्याने रात्री मोबाइलवर नको नको ते वाचून झोप घालवलेली. तो नेमकं किती बोलतो, असं मी विचारलं. वहिनी म्हणाली दहा शब्द, आई म्हणाली शंभर. मग मी कोपऱ्यावरून एक वही आणली. पुढे जे केलं ते क्रमाने सांगते. कोणालाही घरी जमेल.

पहिलं काम: कान

वही उघडण्याआधी कान तपासून घ्या. "कुकरची शिट्टी झाली की दचकतो, म्हणजे ऐकू येतंच" हा पुरावा धरू नका. शिट्टी मोठी असते. 'स', 'श', 'फ' असे बारीक आवाज नीट पोचत नसले तरी मूल शिट्टीला दचकतंच. सर्दीनंतर पडद्यामागे पाणी साठून राहिलं तर ऐकणं काही आठवडे कमीजास्त होत राहतं, आणि घरात कुणाच्या लक्षातही येत नाही. ऑडिओलॉजिस्टकडे, म्हणजे ऐकणं तपासणाऱ्या तज्ज्ञाकडे, ओएई, बेरा अशा तपासण्या होतात. त्यांत मुलाला बोलावं लागत नाही. बेरा तर मूल झोपलेलं असतानाच करतात.

दुसरं: कळतं किती, ते वेगळं लिहा

समजणं आणि बोलणं यांचे रकाने वेगळे. "चप्पल आण" म्हणताना आपण नकळत चपलेकडे बघतो, हनुवटी पुढे करतो, आणि मूल आपली नजर वाचून चप्पल आणतं. म्हणून हात पाठीमागे घ्या, नजर मुलाच्या चेहऱ्यावर ठेवा आणि रोजच्या सवयीबाहेरचं काहीतरी सांगा: "चमचा आजीला दे." "वाटी पलंगाखाली ठेव." हे जमत नसेल, म्हणजे समजण्यातही अडचण दिसत असेल, तर वही पूर्ण होण्याची वाट बघू नका, थेट तज्ज्ञाकडे जा.

तिसरं: शब्दांची यादी

आठवडाभर वही स्वयंपाकघरात ठेवा. मूल स्वतःहून जो शब्द बोलेल तो लिहायचा. आमच्या आईचे शंभर आणि वहिनीचे दहा यांत फरक पडला होता तो इथेच. वहिनी 'भूभू', 'हम्मा', 'भुर्र', 'बाऊ' हे शब्द धरतच नव्हती. ते धरायचे. मूल दर वेळी त्याच अर्थाने तोच आवाज काढत असेल, तर तो शब्दच. उच्चार मोडका असला तरी चालतो. घरात हिंदी, इंग्रजी, कोकणी असेल तर त्यातलेही शब्द मोजा. "म्हण, काकडी" असं सांगितल्यावर आलेलं मात्र सोडून द्या. आमची बेरीज त्रेचाळीस झाली. दोन्ही पक्ष हरले.

आईबापांच्या अशा नोंदी संशोधनातही चालतात. लेस्ली रेस्कोर्ला या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८९ साली ३१० शब्दांची एक यादी प्रसिद्ध केली. मूल त्यातले कुठले शब्द बोलतं त्यावर पालकांनी खुणा करायच्या. दोन वर्षांच्या मुलाकडे पन्नासहून कमी शब्द असतील, किंवा 'बाबा गेला'सारखे दोन शब्द ते जोडत नसेल, तर नीट तपासावं, असा तिचा निकष. तो आजही सर्रास वापरतात.

चौथं: वीस मिनिटांचं रेकॉर्डिंग

मोबाइल फ्रिजवर ठेवून मी त्याच्याबरोबर मटार सोलायला बसले. पहिली दहा मिनिटं वाया गेली, आणि चूक माझीच होती.

मी: हा कुठला रंग?
(गप्प)
मी: सांग ना, कुठला रंग?
(गप्प)
मी: हे काय आहे?
तो: मता.

परीक्षाच घेत होते मी! उत्तर मला ठाऊक आहे हे त्यालाही ठाऊक, मग तो कशाला बोलेल? कंटाळून मी गप्प बसले आणि नुसती सोलत राहिले. बऱ्याच वेळाने:

तो: आत्तू, अई.
मी: अगंबाई, अळी!
तो: अई चाल्ली.
तो: बाहेल ताक.

'सारखं विचारू नका, थांबा' असा सल्ला सगळेच स्पीच थेरपिस्ट देतात. तो का देतात ते रेकॉर्डिंग परत ऐकताना कळलं.

आता हे जसंच्या तसं उतरवा, सुधारून नको. एका दमात, एका सुरात आलेलं ते एक वाक्य. पाठ बडबडगीतं, आकडे आणि अजिबात न कळलेलं वगळा. अशी पन्नास वाक्यं जमली की सगळे शब्द मोजून पन्नासने भागा. ७९ शब्द असतील तर सरासरी १.५८.

हा हिशेब हार्वर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रॉजर ब्राऊन यांच्यामुळे रूढ झाला. १९६२ पासून त्यांच्या गटाने ॲडम, ईव्ह आणि सारा या तीन मुलांचं घरातलं बोलणं टिपलं. ते शंभर वाक्यं घेत आणि शब्दांऐवजी अर्थ असलेले तुकडे मोजत. इंग्रजीत ते सोपं आहे. मराठीत 'घरात'चे तुकडे किती पाडायचे? 'घर' आणि 'त', की मधला 'आ'ही वेगळा? त्या वादात आपण पडू नये. घरी शब्दच मोजावेत, आणि 'ला', 'त', 'चा', 'ने' असे प्रत्यय दिसले तर शेजारी टीप करावी. सरासरीचे इंग्रजी तक्तेही मराठी मुलाला लावू नका.

ब्राऊन यांची तिन्ही मुलं अभ्यासाच्या सुरुवातीला साधारण सारख्याच लांबीची वाक्यं बोलत होती. तेव्हा ईव्ह होती दीड वर्षाची, आणि ॲडम, सारा सव्वादोन. नऊ महिन्यांचा फरक, आणि तिघांचीही वाढ नेहमीसारखी! म्हणून शेजारच्या चिंगीशी तुलना करण्यापेक्षा तीन महिन्यांनी पुन्हा मटार सोलायला बसा आणि जुन्या आकड्याशी नवा ताडून बघा.

चुका पुसू नका

"मी करलं" असं मूल म्हणालं की घरात हशा होतो. वहीत त्यापुढे चांदणी काढा. 'करलं' त्याला कोणी शिकवलेलं नसतं. 'बसलं', 'पडलं', 'उठलं' ऐकून त्याने स्वतःच नियम काढला आणि 'कर'ला लावला. १९५८ साली जीन बर्को या अमेरिकन भाषा-अभ्यासक बाईंनी 'वग' नावाचा काल्पनिक प्राणी दाखवून नेमकं हेच तपासलं होतं: कधीही न ऐकलेल्या शब्दाचं अनेकवचन बहुतेक लहान मुलं बरोबर करत होती. तेव्हा "असं नाही म्हणायचं" म्हणू नका. "हो, तू केलंस!" एवढंच म्हणा, बरोबर रूप आपोआप कानावर पडतं. 'गाडी' म्हणालं तर "हो, लाल गाडी गेली". एखाददुसरा शब्दच वाढवायचा, निबंध नको.

आणि मराठी बंद करू नका. "एकच भाषा ठेवा, इंग्रजीच बोला" हा सल्ला पुण्यातही मिळतो आणि न्यू जर्सीतही. दोन भाषांमुळे भाषेचा विकार होत नाही, हे अनेक देशांतल्या अभ्यासांतून दिसलं आहे. आजीला जी भाषा सहज येते तीच तिने बोलावी. मोडक्या इंग्रजीत ती गोष्ट कशी सांगणार?

कधी थांबायचं नाही

वर्षाचं होऊनही बडबड नाही, बोट दाखवणं नाही, टाटा नाही. सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही. किंवा येत असलेले शब्द कुठल्याही वयात गेले. यांतलं एकही दिसलं तर लगेच जा. उशिरा बोलणारी बरीच मुलं पुढे बरोबरीला येतात हे खरं, पण आपलं मूल त्यांतलंच आहे हे आधी खात्रीने सांगता येत नाही. ऐकणं ठीक, ऑटिझम नाही, तरीही भाषा मागेच राहते अशीही मुलं असतात. इंग्लंडमधल्या एका मोठ्या पाहणीत तीसच्या वर्गात साधारण दोन अशी आढळली. ती 'आळशी' म्हणून ओरडा खात राहतात.

स्पीच थेरपिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, ते विचारा. विचारण्यात गैर काही नाही. मुंबईकरांना वांद्र्याची अली यावर जंग संस्था आहे, ती बोलण्या-ऐकण्याच्या अडचणींसाठीच आहे. इतरत्र अंगणवाडीत येणाऱ्या आरोग्य पथकाला दाखवता येतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम हे त्याचं नाव, २०१३ साली तो आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. हे पथक जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतं आणि तिथले उपचार मोफत असतात.

जाताना वही न्या, आणि रेकॉर्डिंगही. परक्या खोलीत, परक्या बाईसमोर मूल तोंड उघडत नाही. आमच्या भाच्यानेही नाही उघडलं. थेरपिस्टने मग मटारचं रेकॉर्डिंग दोनदा ऐकलं, आणि त्याला पहिला प्रश्न विचारला तो अळीचा.