बिल्ड फुटलं तेव्हा: गेम बनवायला निघालेल्यांसाठी

रविवारी सकाळी आमच्या चित्रकार मैत्रिणीचा फोन आला. "यूट्यूबवर आपला तारी दिसतोय, आणि त्याचं तोंड गुलाबी आहे," एवढंच बोलून ती गप्प झाली.

आमचा गेम कोकणातल्या एका खाडीवरचा. रात्री तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, चालवणारा तारी, हातात कंदील, आणि प्रत्येक खेपेला आपली एकेक गोष्ट सांगणारा प्रवासी. आम्ही तिघं पुण्यात दिवसा दुसऱ्यांची कामं करून अडीच वर्षं यावर बसलो होतो. आम्ही युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे इंजिनमध्ये, काम करतो. त्यात एखाद्या वस्तूचं शेडर, म्हणजे तिचे रंग आणि उजेड ठरवणारा छोटा प्रोग्रॅम, सापडलं नाही की इंजिन ती वस्तू भडक गुलाबी दाखवतं. ती खूण आपल्यासाठी असते: इथे काम बाकी आहे. बिल्ड म्हणजे गेमची त्या त्या वेळची चालवून बघता येणारी प्रत. ०.३.७ या बिल्डमध्ये ती खूण नेमकी तारीच्या चेहऱ्यावर होती. हे बिल्ड आम्ही चौदा टेस्टरांना दिलं होतं. त्या सकाळी ते कितीजणांकडे पोचलं होतं, हे कळायला काहीच मार्ग नव्हता.

नवीन मुलं भेटतात तेव्हा पहिला प्रश्न विचारतात, "किती नुकसान झालं?" म्हणजे किती रुपयांचं. गेम विकायलाच नव्हता, त्यामुळे बुडालेली विक्री शून्य. पायरसी आणि बिल्ड फुटणं यांत फरक आहे, आणि तो आधी नीट समजून घ्या. पायरसीत तुमचा पूर्ण झालेला गेम फुकट जातो. बिल्ड फुटतं तेव्हा अर्धवट काम तुमच्या नावाने फिरायला लागतं, आणि लोक त्यालाच तुमचा गेम समजतात. पेपर फुटला तर बोर्ड नवा पेपर काढतं. पहिली ओळख पुन्हा काढता येत नाही.

मोठ्यांनाही हे चुकलेलं नाही. 'हाफ-लाइफ २'चा सोर्स कोड २००३ मध्ये चोरीला गेला आणि गेम नोव्हेंबर २००४ मध्ये आला. सप्टेंबर २०२२ मध्ये 'जीटीए ६'च्या सुमारे ९० कच्च्या क्लिप बाहेर आल्या, आणि लोक ग्राफिक्सला नावं ठेवायला लागले. तेव्हा जगभरच्या अनेक डेव्हलपरांनी आपापल्या गाजलेल्या गेमचं सुरुवातीचं ओबडधोबड काम स्वतःहून दाखवलं. कच्चं काम असंच दिसतं, हे लोकांना कळावं म्हणून. ते पाहून मला फार धीर आला होता. पण 'जीटीए' बनवणाऱ्या रॉकस्टारने एक निवेदन काढलं आणि शेकडो माणसं पुन्हा कामाला लागली. आमच्याकडे निवेदन लिहिणारा, सर्व्हर बघणारा आणि बग सोडवणारा माणूस एकच होता. तो आठवडाभर निवेदनातच अडकला तर गेम आठवडाभर थांबतो.

लहानांचं खरं उदाहरण हवं असेल तर 'प्रोजेक्ट झोम्बॉइड' बघा. २०११ मध्ये न्यूकॅसलची द इंडी स्टोन ही मूठभर लोकांची टीम गेमच्या अगदी सुरुवातीच्या आवृत्त्या विकून पुढच्या कामाचा खर्च भागवत होती. कोणीतरी त्याची चोरटी प्रत फिरवली. त्या प्रतीतलं अपडेटचं बटण दाबलं की गेम पुन्हा डाउनलोड व्हायचा, आणि तोही टीमच्याच क्लाउड सर्व्हरवरून. म्हणजे फुकट खेळणाऱ्याचं बिल डेव्हलपरने भरायचं. शेवटी त्यांना पैसे देऊन घ्यायची आवृत्तीच काही काळ मागे घ्यावी लागली. त्याच वर्षी त्यांच्या घरी चोरी होऊन कोड असलेले लॅपटॉपही गेले. ती टीम टिकली, २०१३ मध्ये स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात अर्ली ॲक्सेसवर (अपूर्ण गेम विकायची सोय) आली आणि गेम आजही वाढतोय. पण ते बिल ज्याने उघडून पाहिलं असेल, त्याच्या पोटात काय झालं असेल हे मला कळतं.

कारण आमचंही थोडं तसंच झालं. गेम क्रॅश झाला की आमच्याकडे आपोआप अहवाल यायचा. फुटलेल्या प्रतींमधून इतके अहवाल आले की मोफत कोटा दोन दिवसांत संपला, आणि आमच्या खऱ्या टेस्टरांचे क्रॅश दिसेनासे झाले. त्याहून वाईट गोष्ट संगीताची. होडी खाडीच्या मध्यावर येते त्या प्रसंगाला आम्ही एक जुनं सिनेमातलं गाणं तात्पुरतं लावलं होतं. भाव जमतोय का, एवढंच बघायला. त्या व्हिडिओवर संगीताच्या हक्कांचा दावा लागला. पुढे काही झालं नाही, पण ते चार-पाच दिवस आम्ही कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. तेव्हापासून नियम एकच: ज्याचा हक्क आपल्याकडे नाही ते तात्पुरतंसुद्धा बिल्डमध्ये घालायचं नाही. साधी शिट्टी वाजवून रेकॉर्ड करा, चालेल.

आता ते फुटलं कसं. मी झिप फाइल ड्राइव्हवर टाकून 'लिंक असलेला कोणीही' हा पर्याय ठेवला होता. एका टेस्टरने ती लिंक धाकट्या भावाला दिली, त्याने कौतुकाने कॉलेजच्या टेलिग्राम ग्रुपवर टाकली, आणि तिथून ती सुटली. कोणाच्याही मनात वाईट नव्हतं. हे मला तीन आठवड्यांनी कळलं. पण त्याआधी मी चौदाही जणांना एक मेल लिहिलं होतं. 'तुमच्यापैकी कोणीतरी विश्वासघात केलाय' अशी त्यातली ओळ होती. दोघांनी कायमचं टेस्टिंग सोडलं. त्यातली एक मुलगी अशी होती की बगसोबत फोनचं मॉडेल, बॅटरी किती टक्के, त्याआधी कोणती तीन बटणं दाबली, सगळं लिहून पाठवायची. मी माफी मागितली, तिने ती स्वीकारली, पण परत आली नाही. बिल्ड फुटल्याने माझं जेवढं नुकसान झालं नाही, तेवढं त्या एका मेलने झालं. चोर शोधायला बसू नका. पहिल्या दिवशी तर नाहीच.

पहिल्या दिवशी करायचं ते वेगळं. आधी लिंक, तारखा आणि स्क्रीनशॉट जपून ठेवा. मग बिल्डमध्ये ज्या ज्या ऑनलाइन सेवांच्या 'की', म्हणजे पासवर्डसारखे गुप्त कोड, आहेत त्या सगळ्या बदला, कारण ती प्रत उघडून कोणीही त्या वाचू शकतो. युनिटीत बिल्ड दोन पद्धतींनी बनतं, मोनो आणि आयएल२सीपीपी. मोनोवर असेल तर कोड जवळजवळ जसाच्या तसा वाचता येतो. आयएल२सीपीपीवर ते अवघड जातं, अशक्य होत नाही. मग ज्या साइटवर फाइल आहे तिथे कॉपीराइटची तक्रार करा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम साहित्यकृतीत धरला आहे, आणि हक्क मिळायला नोंदणी सक्तीची नाही. अमेरिकेतल्या साइटना डीएमसीए या तिथल्या कॉपीराइट कायद्याची नोटीस चालते, तिचा फॉर्म बहुतेकांकडे असतो. सगळं निघणार नाही. टेलिग्रामवरून एक काढलं की दुसरीकडे दोन दिसतात. दोन-चार मोठ्या जागा बंद झाल्या की थांबा आणि कामाला लागा.

व्हिडिओवाल्यांना मात्र स्ट्राइक (कॉपीराइटच्या तक्रारीवरून यूट्यूब चॅनेलला मिळणारा ठपका) देऊ नका, त्यांना लिहा. आम्ही दोघांना लिहिलं: हे अर्धवट आहे, शेवट उघड होतोय, आणि तारीचा चेहरा असा नाहीये. एकाने व्हिडिओ काढला. दुसऱ्याने ठेवला, पण शेवटचा भाग कापला आणि खाली आमच्या स्टीम पानाची लिंक दिली. त्या लिंकवरून विशलिस्टही आल्या, म्हणजे गेम आला की घ्यायचा म्हणून लोकांनी तो आपल्या यादीत टाकला.

आणि आपल्या पानावर स्वतः लिहा. छोटं, खरं. फिरत असलेल्या फाइलमध्ये कोणी काही घुसवलं असेल तर त्याची जबाबदारी आम्ही घेऊ शकत नाही, हेही स्पष्ट सांगा. अशा फाइलींत व्हायरस घालून परत वाटणारे लोक असतात, आणि कॉम्प्युटर बिघडला की शिवी डेव्हलपरला पडते.

पुढच्या वेळी बिल्ड वाटायचं कसं? पीसीसाठी स्टीमची प्लेटेस्ट सोय वापरा. तिला स्वतंत्र ॲप आयडी असतो आणि टेस्ट संपली की ती बंद करता येते. फोल्डर कॉपी करून ठेवणारा तरीही राहतोच, म्हणून बिल्डला मुदत घाला. आमचं बिल्ड आता तीन आठवड्यांनी 'नवीन मागवा' असं म्हणून बंद होतं. अँड्रॉइडवर तर टेस्टर जमवल्याशिवाय गत्यंतरच नाही. गूगल प्लेवर १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या डेव्हलपरच्या वैयक्तिक खात्याला गेम सर्वांसाठी खुला करण्याआधी बंद चाचणीत किमान १२ टेस्टर सलग १४ दिवस दाखवावे लागतात. आधी हा आकडा २० होता. मग घाईत लोक व्हॉट्सअपवर एपीके, म्हणजे अँड्रॉइड ॲपची फाइल, पाठवतात. ते टाळा, प्लेच्याच बंद चाचणीतून द्या. प्रत्येक टेस्टरचा क्रमांक पडद्याच्या कोपऱ्यात फिकट दिसू द्या, आणि तो आहे हे त्यांना आधीच सांगा. लपवून ठेवलेली खूण पकडायला कामाला येते, पण कोपऱ्यातला क्रमांक दिसत असला की फाइल पुढे पाठवताना बोट आपोआप थांबतं, आणि पकडायची वेळच येत नाही. गेमचा शेवट टेस्टच्या बिल्डमध्ये घालूच नका. आमचा होता, सेव्ह नीट होतंय का बघायला. तो आम्हाला पुन्हा लिहावा लागला, आणि आमच्या लेखकाला पहिलाच जास्त आवडायचा.

काही डेव्हलपर आपला गेम स्वतःच टॉरेंटवर, म्हणजे चोरट्या प्रती जिथून फिरतात तिथे, फुकट ठेवतात. 'डार्कवुड'च्या पोलिश टीमने २०१७ मध्ये तसं केलं आणि ते शहाणपणाचं ठरलं असं मला वाटतं. पण तो गेम पूर्ण होता आणि निर्णय त्यांचा होता. कोणी 'फुकटची जाहिरात झाली की तुमची' म्हणालं की मला अजूनही राग येतो.

सहा आठवड्यांनी आम्ही अधिकृत डेमो काढला. फक्त पहिली खेप, वीस मिनिटांची. तारीचा चेहरा रंगवायला मैत्रीण चार रात्री जागली होती: कंदिलाच्या उजेडात अर्धा गाल, मिठाने पांढुरक्या झालेल्या भुवया. लोकांना आधी तो मिळावा म्हणून आम्ही बाकी सगळं थांबवलं होतं.

०.३.७ अजून कुठेतरी फिरतंय. महिन्याला एखादं मेल येतं, धक्क्यावरून खाली पाण्यात पडलं की गेम अडकतो म्हणून. तो बग आम्ही केव्हाच काढलाय. मेल लिहिणाऱ्याला विचारत नाही की बिल्ड कुठून मिळालं. नाव घेऊन आभार मानते आणि डेमोची लिंक पाठवते.